सातवी ओळ

खारीवाव रोडवरच्या तालमीचा फळा
रिक्षातून आला माझ्याकडे,
उभा, दोरीने बांधलेला, दवाखान्यात आणावा तसा.
वर लिहिलेलं : आखाड्याचे दंडक.
खाली नऊ ओळी. वाचता येतात आठ.

हसितभाई अमीन, नवे सेक्रेटरी, म्हणाले,
दंडक एटले शुं?
पोरांना वाटतं पावती फाडणार.
नियमो लखो ने. गुजरातीत.
मी म्हटलं, दंड तर तिथे रोज काढतातच,
पन्नास सकाळी, पन्नास संध्याकाळी.
ते हसले नाहीत.

अक्षराला अकरा रुपये घेतो मी,
जोडाक्षराला दीडपट.
त्यामुळे शब्दांची किंमत मला जरा निराळी कळते.
नियम स्वस्त. तीन सरळ अक्षरं,
बागेत, बँकेत, लिफ्टच्या दारात.
लोक तो पाळतात, कुत्रं पाळावं तसा, बांधून.
तत्त्व महाग पडतं. त्यात तीन त,
गिऱ्हाईक म्हणतं, दोनात भागवा.
शिवाय तत्त्व रंगवून घेणारा बहुधा उधारीवर येतो,
आणि पुढे त्याला मुरड घालतो,
करंजीला घालावी इतक्या नाजूक हाताने.
ब्रीद छोटं, पण सोनेरीच हवं असतं.
पायंडा पडतो, किंवा कुणीतरी पाडतो,
ब्रशने नाही.
शिरस्ता तर चाळीस वर्षांत
कुणी लिहून मागितला नाही माझ्याकडे.
आणि म्हण? ती फुकट.
वेळेवर आठवली तर लाख मोलाची,
जिन्यात आठवली तर काय उपयोग.

सहावी ओळ : ओला लंगोट खुंटीवर टांगू नये.
आठवी : कपाळाला माती लावल्याशिवाय
हौद्यात उतरू नये.
मध्ये सातवी. नुसता आकडा.
रॉकेलचं फडकं फिरवलं, बॅटरी आडवी धरून पाहिलं.
जुन्या रंगाचा उंचवटा बोटाला लागतो,
आंधळ्यालासुद्धा वाचता यावा इतका.
इथे काहीच लागलं नाही.

सूरसागरच्या कठड्यावर संध्याकाळी
धोंडजी खानविलकर बसतात. वय चौऱ्याऐंशी,
दोन्ही कान मोडलेले, वाळल्या अंजिरासारखे.
विचारलं, काका, सातवा दंडक काय होता?
त्यांनी बोटं मोजली. तळ्याकडे पाहिलं.
मग म्हणाले,
चीतपट केलास ना, की आधी त्याला हात द्यायचा.
उठवायचा. पाठीवरची माती झाडायची.
मग तुझ्या टाळ्या.
मी म्हटलं, मग लिहिलं का नाही?
लिहिलं असतं तर पोरांनी वाचलं असतं, म्हणाले,
आणि झालं.

मी घरी येईपर्यंत भारावलेला.
दुसऱ्या दिवशी रंग घेण्याआधी पुन्हा गेलो,
नीट शब्दांत उतरवून घ्यावं म्हणून.
सातवी? ते म्हणाले. तिथे घड्याळ होतं रे.
खिळ्याला अडकवलेलं. लिहिणार कुठे?

फळा उलटा करून पाहिला.
खिळ्याचं भोक होतं.

गुजराती अक्षरांना शिरोरेघ नसते.
मराठी शब्द कसा, वाळत घातलेल्या धोतरासारखा,
वरच्या दोरीला धरून राहतो.
गुजराती अक्षर आपापल्या पायावर उभं.
म्हणून आधी खडूने रेघा ओढायच्या,
अक्षरं वाळली की पुसायच्या,
कुणाला कळू नये ती कशाच्या आधाराने सरळ आहेत.
आठ रेघा पुसल्या.
एक राहिली. राहू दिली.

हसितभाईंनी फळा मोजल्यासारखा वाचला.
सहा, आठ.
वच्चे आ खाली केम?
मी काय सांगणार. घड्याळ सांगू, की हात?
म्हटलं, तिथलं लिहायचं नसतं.
शिरस्ता आहे.

बिलात मी सातचा आकडा लावला होता,
अकरा रुपये.
त्यांनी सगळं बिल ताडून पाहिलं,
जोडाक्षरांवर घासाघीस केली,
दीडपटीचं सव्वापट करून घेतलं.
अकरा रुपयांवर पेन थांबलं थोडं.
मग पुढे गेलं.